ट्रे निघतो, पण ड्राइव्ह दिसत नाही

नंदनवन, नागपूर

३ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार

काल दसरा. दुकान पूजेपुरते उघडले. मल्टीमीटर, सोल्डरिंग गन आणि पेचकसांवर झेंडू वाहिला, की शटर खाली. दीक्षाभूमीवर लाखोंची गर्दी असताना शहराच्या त्या बाजूला कामासाठी जाण्यात अर्थ नसतो.

आज शटर वर करतो तोच हसनबागेकडचे प्रेसवाले काका ई-रिक्षातून उतरले. मांडीवर जुन्या चादरीत बांधलेला सीपीयू. चादर सोडली तर कॅबिनेटवर हळदकुंकवाची बोटे तशीच, आणि फ्लॉपीच्या फटीत झेंडूच्या पाकळ्या अडकलेल्या. पूजा झाल्यावर मशीन सुरू केले, आतून टक-टक आवाज आला आणि पडदा काळा झाला म्हणाले. आवाज ऐकल्याबरोबर कळले, हार्ड डिस्क गेली. चाळीस जीबीची, रुंद पट्टीच्या केबलची, आयडीई डिस्क. बोर्ड २००९ चा, डिस्क त्याच्याहूनही जुनी. आधीच्या मशीनमधून उचलून बसवलेली. तिने केली तेवढी नोकरी पुष्कळ झाली.

"नवीन डिस्क टाका अन् जुनीच विंडोज मारून द्या. दुसरं काई नको," काका म्हणाले. जुनी म्हणजे एक्सपी. माझा भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेज सुटल्यावर दुकानात बसतो. त्याला हसू आवरेना. "काकाजी, एक्सपीचा सपोर्ट २०१४ मधीच बंद झाला न."

काकांनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. मला म्हणाले, "तुळशीचं लगन झालं की पत्रिका सुरू होते. मले बाकीचं सांगू नको."

भाच्याला नंतर नीट सांगितले. काका खिळे जुळवणारे कंपोझिटर होते. नव्वदच्या दशकात खिळ्यांच्या केसी गेल्या आणि टेबलावर पेजमेकर आला. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, सातवी, २००१ ची. त्याला युनिकोड कळत नाही. म्हणून आपल्याकडच्या प्रेसवाल्यांनी पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांचे मराठी फॉन्ट घेतले. त्यांत 'क' हे अक्षर संगणकाच्या लेखी 'क' नसतेच. एखाद्या इंग्रजी अक्षराच्या जागेवर 'क'चे चित्र बसवलेले असते. पत्रिकेचा मजकूर उचलून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की इंग्रजी अक्षरे, कंस आणि डॉलरच्या खुणा यांचा काला होतो. तो काला परत मराठी दिसायला तोच फॉन्ट लागतो, आणि फॉन्टच्या सॉफ्टवेअरला त्याचे कुलूप, म्हणजे प्रिंटर पोर्टला लागणारे डोंगल. नव्या बोर्डांवर तो पंचवीस टाचण्यांचा पोर्ट शोधून सापडत नाही. पंचवीस वर्षांच्या लग्नपत्रिका, श्राद्धाची कार्डे, पतसंस्थांची पासबुके, सरपंचांचे आभारपत्रक, सगळे त्या काल्यात. काका हट्टी नाहीत, अडकलेले आहेत.

काकांकडे फायलींची प्रत डीव्हीडीवर आहे, म्हणून जीव भांड्यात पडला. एक्सपीची मूळ सीडीही आहे, चमचमत्या होलोग्रामची, प्लास्टिकच्या पाकिटात. दिवाळीच्या आत देतो म्हणालो.

४ ऑक्टोबर, शनिवार

कॅबिनेट उघडले. प्रेसमधली धूळ वेगळी असते. कागदाची बारीक भुकटी, तिच्यात शाईची वाफ मुरलेली. ब्रशने उडत नाही, पापुद्र्यासारखी निघते. ब्लोअर मारायला कॅबिनेट रस्त्यावर नेले तर शेजारचा पानठेलेवाला ओरडला.

जुनी डिस्क काढली, नवी साटा डिस्क लावली. पाचशे जीबी, जुन्या मालातली. सीडी घातली, मशीन सुरू केले. 'बूट डिस्क टाका' एवढेच पडद्यावर. बायोसमध्ये गेलो तर नवी हार्ड डिस्क आहे, डीव्हीडी रायटरचा पत्ता नाही.

भाचा म्हणाला, "मामा, लाइट तर लागून राहिला. ट्रे बी निघून राहिला. मंग दिसत काहून नाही?"

हा प्रश्न मी गिऱ्हाइकांकडून वर्षानुवर्षे ऐकतो आहे. ट्रे बाहेर येतो, दिवा लुकलुकतो, म्हणजे ड्राइव्ह चांगला, असा सगळ्यांचा समज. ट्रे आणि दिवा फक्त वीज पोचल्याचा पुरावा देतात. चार तारांचा वेगळा जोड असतो, पिवळी बारा व्होल्ट, लाल पाच, दोन काळ्या. तेवढ्यावर ट्रे नाचतो. माहिती जाते रुंद पट्टीतून, आणि त्या पट्टीवर कोण कुठे बसले आहे याचे नियम आहेत.

पट्टी पाहिली. ऐंशी तारांची, चाळीस टाचण्यांची. निळा जोड बोर्डाला, करडा मधला, काळा टोकाचा. टोकाला मास्टर, मध्ये स्लेव्ह. काकांची जुनी हार्ड डिस्क टोकाला मास्टर म्हणून होती आणि डीव्हीडी रायटर मध्ये स्लेव्ह. हार्ड डिस्क आम्ही काढून टाकली, आणि स्लेव्ह एकटाच उरला, तोही मधल्या जोडावर. काही बोर्ड असा एकटा स्लेव्ह चालवून घेतात, काही साफ नाकारतात. हा नाकारणारा.

ड्राइव्ह उलटा केला. मागे ऑडिओ आणि पट्टीच्या जोडांमध्ये टाचण्यांच्या तीन जोड्या असतात, वर बारीक कोरलेले असते: एमए, एसएल, सीएस. मधल्या जोडीवर काळा जंपर, तांदळाच्या दाण्याएवढा. चिमट्याने उपटून एमएवर बसवला, पट्टीचे काळे टोक लावले. पट्टीची लाल कड विजेच्या जोडाकडे. भाच्याला हे सगळे नवीन. त्याच्या आयुष्यात साटाच्या बारीक तारेखेरीज काही आलेच नाही, तिथे एका तारेवर एकच ड्राइव्ह, मास्टर-स्लेव्हचा प्रश्नच नाही.

पुन्हा बायोस. ड्राइव्हचे नाव दिसले, पण मॉडेलच्या नावातले एक अक्षर भलतेच. ही खूण सोडायची नसते. ड्राइव्ह आपले नाव स्वतः सांगतो. ते बोबडे आले म्हणजे पट्टीतली एखादी तार तुटली आहे किंवा टाचणी वाकली आहे. खोक्यातून दुसरी पट्टी काढून लावली. नाव स्वच्छ. सीडीवरून सुरू करायला कुठलीही कळ दाबा असे आले, कळ दाबली, आणि दाबलेली कळ लागलीच नाही. यूएसबी कीबोर्ड. बायोसमध्ये यूएसबी कीबोर्डचा पर्याय बंद होता. तो चालू करेपर्यंत नऊ वाजले आणि घरून फोन आला.

६ ऑक्टोबर, सोमवार. कोजागिरी

सीडी गरगर फिरते, थांबते, परत फिरते. निळा पडदा येतो आणि तिथेच बसतो. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून भिंग पुसले. काही नाही. काकांची डीव्हीडी घातली, झटक्यात वाचली. दुकानातली जुनी गाण्यांची सीडी घातली, नाही. मग दुसरी डीव्हीडी, वाचली.

इथे बरेच जण ड्राइव्ह ठीक आहे म्हणून मूळ सीडीला दोष देतात, किंवा उलट. खरे तर एका भिंगामागे दोन लेझर असतात. सीडी वाचायला ७८० नॅनोमीटरचा, डोळ्याला जवळपास न दिसणारा. डीव्हीडी वाचायला ६५० चा, तांबडा. त्यातला एक मरतो, दुसरा वर्षानुवर्षे चालतो. डीव्हीडी चालते म्हणून सीडी चालेल असे गृहीत धरायचे नाही. या ड्राइव्हचा सीडीचा लेझर जवळजवळ गेला आहे. काका गेली काही वर्षे डीव्हीडीवरच फायली ठेवत होते, म्हणून त्यांना कधी कळलेच नाही.

खोक्यात आयडीईचा चांगला ड्राइव्ह नाही. सीताबर्डीवर विचारले, दुकानदाराने मला संग्रहालयात जायला सांगितले. साटाचा एक आहे, तो लावू.

भाच्याला अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट सांगत बसलो. तेव्हा मी बर्डीवर एका दुकानात नवीन लागलो होतो. विंडोज ९८ टाकायची तर आधी फ्लॉपी. फ्लॉपीवर सीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर, ओकसीडीरॉम नावाचा, आणि त्यावर एमएससीडीईएक्स. दोघांचे जमले की सीडीला एक अक्षर मिळायचे. नाही जमले की पांढऱ्या अक्षरांत यायचे, योग्य सीडीरॉम ड्रायव्हर निवडलेला नाही. त्याच्याही आधीच्या सीडी ड्राइव्ह तर साउंड कार्डाला जोडायच्या. कार्ड कुठल्या कंपनीचे त्यावर ड्राइव्ह कुठला चालेल ते ठरायचे. सीडीवरूनच मशीन सुरू व्हावे याची पद्धत फिनिक्स आणि आयबीएम यांनी १९९५ मध्ये ठरवली, तिचे नाव एल टोरिटो. पद्धत ठरली तरी ती चालवणारे बोर्ड आमच्या बाकावर यायला आणखी काही वर्षे गेली.

रात्री गच्चीवर आटवलेले दूध. भाच्याने विचारले, बायोसला ड्राइव्ह दिसत असेल तर विंडोजला न दिसायला काय झाले? चांगला प्रश्न. त्याला म्हणालो, फाटकावरच्या चौकीदाराने पाहुण्याला आत सोडले, म्हणून घरातले त्याला ओळखतील असे नाही. बायोस स्वतःच्या साध्या पद्धतीने सीडीवरचा पहिला भाग मेमरीत ओढून आणतो आणि बाजूला होतो. त्यानंतर विंडोजची बसवणी स्वतःचे ड्रायव्हर घेऊन ड्राइव्ह नव्याने शोधते. ते ड्रायव्हर तिच्याजवळ नसतील तर ज्या सीडीवरून ती चालू झाली तीच सीडी तिला सापडत नाही. त्यामुळे 'ड्राइव्ह दिसत नाही' अशी तक्रार आली की माझा पहिला सवाल एकच, कुणाला दिसत नाही? बोर्डाला, बसवणीच्या पहिल्या टप्प्याला, की पुढच्या विंडोजला? हे विचारल्याशिवाय पेचकस हातात घेणाऱ्याला मी मेकॅनिक मानत नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

साटा ड्राइव्ह बसवला. बायोसला दिसला, सीडी वाचली, निळा पडदा पुढे सरकला. डिस्कचे माप मात्र १३१ हजार एमबीच्या आसपास दाखवले. डिस्क पाचशे जीबीची. भाचा घाबरला, डिस्क बोगस निघाली म्हणून. बोगस नाही. काकांची सीडी एक्सपीच्या अगदी पहिल्या काळातली, सर्व्हिस पॅकच्या आधीची. तिचा पत्ता अठ्ठावीस बिटांचा, त्यामुळे १३७ जीबीच्या पलीकडे तिला दिसत नाही. सर्व्हिस पॅक टाकला की दिसते. आत्ता साठ जीबीचा एक भाग पाडला, बाकी मोकळे ठेवले. काकांच्या आयुष्यभराच्या पत्रिका साठ जीबीत मावून जागा उरेल.

फायली उतरल्या, मशीन पुन्हा सुरू झाले, रंगीत पडदा आला. ३९ मिनिटे शिल्लक. ३४ वर आले आणि थांबले. 'एएसएमएस' नावाची फाइल हवी, एक्सपीची सीडी ड्राइव्हमध्ये घाला. सीडी ड्राइव्हमध्येच आहे! ओके दाबले, तोच निरोप. ब्राउझ केले तर सीडीचा ड्राइव्हच यादीत नाही.

काल रात्री भाच्याला सांगितले ते आज पडद्यावर. पहिला, अक्षरांचा टप्पा अगदी साध्या ड्रायव्हरने चालला. रंगीत टप्प्यात विंडोजने बोर्डावरचे हार्डवेअर स्वतः ओळखायला घेतले आणि साटाच्या दारात ड्राइव्ह हरवला. बायोसमध्ये साटाची पद्धत 'एन्हान्स्ड' होती. ती 'कम्पॅटिबल' केली, म्हणजे बोर्डाने साटाच्या ड्राइव्हना जुन्या आयडीईच्या जागांवर बसवून दाखवायचे. बसवणी पहिल्यापासून लावली. ३४ मिनिटे आली आणि गेली. भाच्याने टाळी वाजवली.

२५ मिनिटांच्या आसपास लाइट गेली. यूपीएसची बॅटरी मेलेली आहे, हे मला सहा महिन्यांपासून माहीत आहे.

९ ऑक्टोबर, गुरुवार

काल दुकान बंद होते. आज सकाळी बसवणी पुन्हा लावली. ३४ मिनिटे. एएसएमएस.

परवा चाललेले आज का चालेना? सीडी तीच, ड्राइव्ह तोच, तार तीच. भाच्याचे मत पडले की ड्राइव्ह खराब, नवा आणू. ड्राइव्ह आणायला निघालाही. त्याला थांबवून बायोस उघडले. साटा परत 'एन्हान्स्ड'वर. मी बदलले नाही, त्याने बदलले नाही. कोपऱ्यात तारीख पाहिली, १ जानेवारी २००९.

बोर्डावरचा सेल. २०३२ नंबरचा, आठ आण्याच्या जुन्या नाण्यासारखा चपटा. मशीनला वीज असते तोवर बायोस सगळे लक्षात ठेवते. प्लग काढला की सेलच्या भरवशावर. सेलला मीटर लावला. तीन व्होल्टच्या सेलवर दोनही भरेना. प्रेसमध्ये काका रात्री मेन स्विच पाडतात, म्हणजे गेली कित्येक वर्षे त्यांचे मशीन रोज सकाळी नव्याने जन्माला येत होते. जुना आयडीई ड्राइव्ह बोर्डाच्या मूळ सेटिंगवर चालायचा, म्हणून काही अडले नाही. तारीख चुकीची असल्याचे त्यांनी पाहिले असणार. पत्रिकेवर तारीख हाताने टाइप करायची, मशीनच्या तारखेशी त्यांना काय करायचे?

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असे या धंद्यात रोज होते. ड्राइव्ह दिसत नाही म्हणून लोक ड्राइव्ह बदलतात, तार बदलतात, पॉवर सप्लाय बदलतात, शेवटी बोर्ड बदलतात. सेल तीस-चाळीस रुपयांचा. बदलायला नखाने एक पत्ती मागे सारावी लागते, बस.

सेल बदलला, तारीख घातली, साटा 'कम्पॅटिबल', आणि मशीनचा प्लग मुद्दाम दहा मिनिटे काढून ठेवला. परत लावला. सेटिंग जागच्या जागी. त्यानंतरच बसवणीला हात लावला. दुपारी अडीचला हिरवे कुरण आणि निळे आभाळ पडद्यावर आले. ऑक्टोबर हीटमध्ये ते चित्र बघून डोळ्यांना थंड वाटले.

सीडीवरचा आय३८६ हा सगळा फोल्डर हार्ड डिस्कवर उतरवून ठेवला. पुढे कधी विंडोजने फाइल मागितली तर सीडी शोधायला नको, तिला त्या फोल्डरचा पत्ता द्यायचा. पेन ड्राइव्हवरून आधी सर्व्हिस पॅक दोन आणि मग तीन टाकला.

११ ऑक्टोबर, शनिवार

मशीन घेऊन मी स्वतःच काकांकडे गेलो. प्रेस म्हणजे घराची पुढची खोली. एका भिंतीला जुन्या खिळ्यांची लाकडी केस अजून टेकवून ठेवलेली, खणाखणात धूळ. सून कोऱ्या पत्रिकांचे गठ्ठे मोजत होती. इतवारीतून माल येऊन पडला आहे.

डोंगल लावले. फॉन्टचे सॉफ्टवेअर डोंगल ओळखेना. बायोसमध्ये प्रिंटर पोर्टची पद्धत बदलली, ओळखले. पेजमेकर टाकला, डीव्हीडीवरून फायली आणल्या. काकांनी एक पत्रिका उघडली. गणपती, दोन बाजूंना केळीचे खांब, आणि खाली 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं'. एका अक्षराचा ऱ्हस्व इकार थोडा डावीकडे सरकला होता. काकांनी चष्मा वर सारला, मान वाकडी केली, आणि माऊस न हलवता दोन कळा दाबून त्याला जागेवर आणले. मला तो फरक त्यांनी दाखवल्यावरच दिसला.

सून हळूच म्हणाली, "भाऊजी, याचं नव्यावर काही करता येईल का? मी मोबाइलवर टाइप करते, ते यांना चालत नाही."

करता येते. इनडिझाइनच्या २०१२ च्या आवृत्तीपासून देवनागरीची जोडाक्षरे नीट बसतात, आणि जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधने आहेत. पण ती शंभर टक्के अचूक नाहीत; रफार आणि ऱ्हस्व इकार कुठेतरी घसरतातच, आणि प्रत्येक पत्रिका माणसाने वाचावी लागते. सुनेने नवे काम युनिकोडमध्ये सुरू करावे आणि सासऱ्यांनी जुन्या फायली जुन्या मशीनवर काढाव्यात, असे मी सुचवले. काका म्हणाले, "पुढच्या वर्षी पाहू." नेटची तार मात्र मी स्वतः काढून सोबत घेऊन आलो. एक्सपी आणि इंटरनेट एका खोलीत ठेवायचे नाहीत, यावर चर्चा नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

१९५६ च्या धम्मदीक्षेपासून नागपुरात ही तारीख कुणाला सांगावी लागत नाही. आज तिला आणखी एक बारीकसे निमित्त जोडले गेले, विंडोज १० चा सपोर्ट आजपासून बंद. सकाळपासून फोन. "आमचा कॉम्प्युटर उद्या बंद पडते का?" नाही पडत. सुरक्षेच्या दुरुस्त्या यायच्या थांबतात. नोंदणी केली तर घरगुती मशीनला त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ प्रत्येकावर चालत नाही, त्याला टीपीएम २.० आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. हे बोलून बोलून घसा बसला.

दुपारी जगनाडे चौकाकडच्या एक शिक्षिका लॅपटॉप घेऊन आल्या. अकराव्या पिढीचा इंटेल. मुलाने पेन ड्राइव्हवरून विंडोज ११ टाकायला घेतले तर बसवणीला एकही डिस्क दिसेना, यादी कोरी. कुणीतरी सांगितले एसएसडी गेली, नवी घ्या. नवी घेतली. तीही दिसेना. आता त्यांच्याजवळ दोन चांगल्या एसएसडी आहेत.

भाच्याकडे पाहिले. तो म्हणाला, "मामा, बायोसले दिसते का ते पाहू आधी." दिसत होती. मग पुढचे त्यानेच केले. या पिढीच्या अनेक लॅपटॉपांत एसएसडी आणि विंडोजच्या मध्ये इंटेलचा व्हीएमडी नावाचा मधला नियंत्रक असतो. त्याचा ड्रायव्हर बसवणीच्या पेन ड्राइव्हवर नसला तर डिस्क असून नसल्यासारखी. दोन उपाय. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करायचे. पण मशीनवर आधीची चालू विंडोज असेल तर ते करायचे नाही, ती विंडोज सुरूच होणार नाही. किंवा ड्रायव्हर सोडवून पेन ड्राइव्हवर ठेवायचा आणि 'लोड ड्रायव्हर' दाबून त्याचा फोल्डर दाखवायचा. डाउनलोड केलेली एकसंध फाइल तशीच ठेवून चालत नाही, ती उलगडून आतली आयएनएफ फाइल उघडी असावी लागते. त्याने दुसरा मार्ग धरला. यादीत डिस्क आली.

बाईंनी विचारले, नवी एसएसडी परत घेतील का? पाकीट फोडले होते. मी ती त्यांना बाहेरच्या डब्यात घालून दिली, मुलांच्या फोटोंसाठी.

काकांच्या २००२ च्या सीडीचा आणि या लॅपटॉपचा रोग एकच, मला तरी त्यात काही नवे दिसले नाही. मशीन नव्या पिढीचे झाले की बसवणी मागे राहते, आणि मधल्या जागेत आमचा धंदा चालतो. २०१५ मध्ये सहाव्या पिढीवर विंडोज ७ टाकताना हेच झाले होते. सातमध्ये यूएसबी ३ चे ड्रायव्हर नाहीत आणि त्या बोर्डांवर जुना यूएसबी नियंत्रक काढून टाकलेला. बसवणीचा पडदा यायचा आणि माऊस, कीबोर्ड, बाहेरून लावलेला डीव्हीडी ड्राइव्ह, सगळे एकदम मुके. पडद्यावर निरोप, सीडी-डीव्हीडीचा आवश्यक ड्रायव्हर नाही. त्या वर्षी माझ्याकडच्या गोल पिनेच्या जुन्या कीबोर्डाला भाव आला होता.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

उद्या धनत्रयोदशी. बाजारात पाय ठेवायला जागा नाही. काकांच्या सुनेचा फोन आला, पहिली पत्रिका छापून झाली, मशीन ठीक आहे, तारीखही बरोबर दाखवते. त्यांना आणखी एक काम सांगितले होते ते मात्र राहिले आहे म्हणाल्या.

ते काम इथे लिहून ठेवतो, कारण महाल, इतवारी, सक्करदरा, नंदनवन, उमरेड रोड, सगळीकडे असे छापखाने आहेत, आणि एक्सपी किंवा सेव्हनच्या मशीनवर रोजी चालवणारे आहेत. तुमच्याकडे मूळ सीडी असतील, विंडोजच्या, पेजमेकरच्या, फॉन्टच्या, तर त्यांची इमेज ज्या मशीनवर सीडी अजून वाचली जाते तिथून या दिवाळीच्या सुटीत काढा. एका सीडीची इमेज सातशे एमबीच्या आत येते. सगळ्या मिळून एका लहान पेन ड्राइव्हवर मावतात. एक प्रत घरी ठेवा, एक दुसऱ्याकडे. डोंगल ड्रॉवरमध्ये सुटे टाकू नका. आणि मशीन चालू आहे तोवर बायोसचे प्रत्येक पान मोबाइलवर फोटो काढून ठेवा, साटाची पद्धत आणि प्रिंटर पोर्टची पद्धत विशेष करून. सेल पाच वर्षांपेक्षा जुना असेल तर बदला. एवढे करून मशीन माझ्याकडे आणले तर मी एका दिवसात परत देतो. न करता आणले तर दिवाळीनंतर या.